हुक लावलाय, साहेब

चौथ्या मजल्याच्या बाहेर मंदाबाई हवेत लटकत होती आणि खाली माझ्या हातातल्या चेकलिस्टवर तिच्या नावापुढे बरोबरची खूण होती. अर्ध्या तासापूर्वी मीच केलेली.

मी सेफ्टी ऑफिसर. बांधकामाच्या साइटवर कुणी पडू नये, कुणाच्या डोक्यात काही पडू नये, कुणाला करंट लागू नये, हे बघायचं माझं काम. लोकांना वाटतं, हा माणूस स्वतः हेल्मेट घालून फिरतो आणि दुसऱ्यांवर हेल्मेटसाठी ओरडतो. बऱ्याच अंशी बरोबरच वाटतं. नगरला मनमाड रोडवर एक सात मजली कमर्शियल बिल्डिंग चालू होती, तिथली ही गोष्ट. सकाळचे साडेदहा वाजले असतील. आधी वरून एक लोखंडी प्लेट खाली आली आणि माझ्यापासून दहा फुटांवर वाळूत रुतली. स्लॅब ओतताना खालून साचा लावतात, त्याला सेंट्रिंग म्हणतात. त्या साच्याची ही प्लेट. शिवी देण्यासाठी मी मान वर केली आणि शिवी तोंडातच राहिली.

बिल्डिंगच्या बाहेरून पाइपांची परांची बांधली होती. तिच्यावर उभं राहायला फळ्या. त्यातली एक फळी निसटून तिरपी झाली होती आणि तिच्याखाली मंदाबाई बेल्टच्या पट्टीला लोंबकळत होती. हिरवी साडी, वरून कामाचा शर्ट, डोक्याला पिवळं हेल्मेट. ओरडत नव्हती. ओरडत होतो मी.

खोटं कशाला सांगू, पण त्या भीतीतही माझ्या मनात पहिला विचार आला तो शाबासकीचा. बेल्टने वाचवलं! महिनाभर घसा कोरडा केला त्याचं चीज झालं. असा विचार करतच मी जिना चढायला लागलो. माझे गुडघे गेलेले. चार मजले चढताना दोनदा थांबलो. थांबलो ते दोन क्षण आजही मला आठवतात.

वर पोचलो तर मंदाबाईचा नवरा आसाराम स्लॅबच्या कडेला पालथा पडला होता. डोकं आणि एक खांदा कडेच्या बाहेर. त्याचा उजवा पाय दोन प्रॉपच्या मध्ये अडकला होता. प्रॉप म्हणजे स्लॅबला खालून दिलेला लोखंडी टेकू. पाचव्या मजल्यावरचे दोन सुतार धावत खाली आले होते आणि त्याचा दुसरा पाय घट्ट धरून बसले होते.

"साहेब, ह्याला सोडू नका, हा गेला की ती गेली," त्यातला एक म्हणाला.

मला अर्थ लागला नाही. हा कशाला जाईल? मी कडेला आडवा झालो, पट्टीला हात घातला. एक सुतार आसारामचा पाय धरूनच राहिला, दुसऱ्याने आणि मी मिळून ओढलं. मंदाबाईचे हात वर आले, मग हेल्मेट, मग ती अख्खी स्लॅबवर आली आणि बसली. मनगट वाकडं झालं होतं. धाप लागली होती.

तिचं पहिलं वाक्य होतं, "पलेट कुनाला लागली का खाली?"

"नाही लागली, बाई. तू गप बस."

मी तिचा बेल्ट सोडवायला घेतला. बेल्टला पाच-सहा फुटांची पट्टी असते, तिच्या टोकाला लोखंडी हुक. तो हुक अडकवायचा लाइफलाइनला. लाइफलाइन म्हणजे खांबांना ताणून बांधलेला मजबूत दोर. माणूस पडला तरी दोर त्याला धरून ठेवतो, एवढं साधं गणित. पट्टी हातात धरून मी मागे मागे सरकत गेलो. दुसऱ्या टोकाला दोर असायला हवा होता. तिथे आसाराम होता. तिचा हुक त्याच्या बेल्टच्या रिंगला लावलेला. आणि त्याचा हुक तिच्या रिंगला.

मी वर पाहिलं, बाजूला पाहिलं. एकाही खांबाला दोर नव्हता.

मी तिथेच प्लेटांच्या ढिगाऱ्यावर बसलो. दोन माणसं बिल्डिंगला नव्हे, एकमेकांना बांधून घेऊन चौथ्या मजल्याच्या कडेवर काम करत होती. पाय प्रॉपमध्ये अडकला नसता तर एकामागून एक दोघंही वाळूत आली असती, आणि दोघांच्याही नावापुढे माझी खूण होती.

त्यांना गाडीत घालून दवाखान्यात पाठवलं आणि मी दोर शोधायला निघालो. सापडला. सातव्या मजल्यावर, माल वर ओढायच्या बादलीला बांधलेला. फोरमनला विचारलं. तो म्हणाला, "बादलीचा दोर तुटला हुता. नवीन येस्तोवर ह्यो दोन दिस वापरा म्हनले पीएम." पीएम म्हणजे आमचे प्रोजेक्ट मॅनेजर. मी तडक त्यांच्या केबिनमध्ये गेलो.

"बेल्ट होता ना अंगावर?" त्यांनी मलाच विचारलं.

"होता."

"हुक लावला होता?"

"लावला होता. एकमेकांना."

ते म्हणाले, "हे बघा औटी, एवढा वेडेपणा कुणी करेल असं कुणाला तरी वाटेल का? रिपोर्टमध्ये तेच लिहा. कामगाराचा निष्काळजीपणा. त्या जोडीला घरी पाठवा. दुसरी आणू."

"साहेब, दोर तुमच्या परवानगीने काढलाय."

"दोन दिवसांचा प्रश्न होता हो. आणि दोर नव्हता तर तुम्ही सकाळी खूण कशावर केली?"

तोंडात मारल्यासारखं झालं. कारण बोलणं खरं होतं. गुडघे दुखायला लागल्यापासून मी खालूनच हजेरी घ्यायचो. शिट्टी मारायची आणि विचारायचं, बेल्ट? वरून उत्तर यायचं, हाय! हुक? लावलाय, साहेब! की मी खूण करायचो. चार दिवस मी पहिल्या मजल्याच्या वर गेलोच नव्हतो.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. अपघाताच्या रिपोर्टमध्ये 'कारण' असा एक रकाना असतो. माझ्या नोकरीत मी तो कितीदा भरला असेल आणि बहुतेक वेळा एकच वाक्य लिहिलं: कामगाराचा निष्काळजीपणा. सुप्याला एका शेडच्या पायाचा खड्डा ढासळून माणूस कमरेपर्यंत गाडला गेला. खड्ड्याला आधार द्यायच्या फळ्या आल्याच नव्हत्या, पण मी लिहिलं, 'सूचना देऊनही खड्ड्यात उतरला.' ग्राइंडरच्या वायरीचा जोड उघडा होता, शॉक बसला, लिहिलं, 'हातमोजे घातले नव्हते.' फळी पाइपला बांधलेली नसते, एका टोकावर पाय पडला की दुसरं टोक सी-सॉसारखं उचलतं, आणि आपण लिहितो, 'तोल गेला.' मंदाबाईची फळीही तशीच निसटली होती. पडणारा माणूस दवाखान्यात असतो, त्याच्या नावाने काहीही लिहिता येतं. हे मला त्या दिवशी केबिनच्या दारात उभा असताना पहिल्यांदा दिसलं आणि स्वतःचीच शिसारी आली.

रिपोर्ट न भरता मी दवाखान्यात गेलो. मंदाबाईच्या दोन बरगड्यांना तडे गेले होते, मनगट प्लास्टरमध्ये. आसारामचा खांदा निखळला होता, तो बसवून गळ्यात झोळी दिली होती. दोघं पाथर्डीकडची. दिवाळीनंतर ऊसतोडीला कारखान्यावर, ऊस संपला की नगरला बांधकामावर.

मी स्टूल ओढून बसलो. "आसाराम, रागावत नाही. फक्त सांग, हुक हिला का लावला?"

त्याला प्रश्नच कळला नाही असं वाटलं. "तुमीच म्हनला ना साहेब, हुक मोकळा दिसला तर साइटवरून काढीन. दोर तर काढून नेल्ता. मंग लावायचा कशाला?"

"मला सांगायचं होतं दोर नाही म्हणून."

"सांगितलं फोरमनला. तो म्हनला, दोन दिस जमवा."

"आणि खांबाला का नाही लावला? सळईला?"

"खांबाला लावला तर हात पोचत न्हाई. ही लांब फळीवर जाती. तिकडं फळी हलकं मानूस पेलती, म्हनून ही जाती, मी आतून पलेटा देतो. जोडीनं काम हाय आमचं. ही पडली तर मी धरीन, असं केल्तं."

"आणि तू पडला असतास तर?"

मंदाबाई पडल्या पडल्या म्हणाली, "तर मी धरलं असतं की."

मला हसू येईल की रडू, कळेना. पन्नास किलोची बाई.

"अगं, दोघंही गेला असता!"

आसारामने मान खाली घातली. "मग काय, साहेब. आमच्याकडं तोडीला नवरा-बायकोचा मिळून येक कोयता धरत्यात. येकट्याचा अर्धा. ही गेल्यावर मी अर्धा कोयता. अर्ध्या कोयत्याला मुकादम घेत न्हाई आन् घरात पन कुनी इचारत न्हाई."

तो हे तक्रारीने बोलत नव्हता. भाव सांगावा तसं सांगत होता. मला त्याच्याकडे बघवेना. इतकी वर्षं मी 'जोडीदारावर लक्ष ठेवा' असं सकाळच्या मीटिंगमध्ये घोकून घेत होतो. ह्या दोघांनी लक्ष ठेवलं होतं. लक्ष नव्हतं ते माझं.

उठताना मंदाबाईने विचारलं, "साहेब, तुमी वर आल्ता का कधी?"

"येतो ना."

"न्हाई, फळीवर. आमी हुभं ऱ्हातो तिथं."

मी नाही म्हणालो. तिने फक्त मान हलवली. रागावली असती तर बरं वाटलं असतं.

परत येऊन रिपोर्ट लिहिला. कारण: फळी बांधलेली नव्हती. लाइफलाइन काढून नेली होती. सेफ्टी ऑफिसरने वर जाऊन तपासणी केली नव्हती. खाली सही.

पीएमनी दोनदा वाचलं. "तुम्ही स्वतःलाच अडकवताय."

"अडकलोच आहे."

"मेमो मिळेल."

"द्या."

मेमो मिळाला. काम आठ दिवस बंद राहिलं, दोराच्या जागी तारेची पक्की लाइफलाइन आली, फळ्या दोन्ही टोकांना बांधल्या गेल्या. पीएम माझ्याशी महिनाभर कामापुरतंच बोलले. आसाराम आणि मंदाबाईला घरी पाठवलं नाही. बरे होईपर्यंत त्यांना साइटच्या खोलीत ठेवलं आणि नंतर तळमजल्यावर काम दिलं. मंदाबाईला ते आवडलं नाही. खाली बसून कंटाळा येतो म्हणाली.

मी मात्र चढायला लागलो. रोज सकाळी, प्रत्येक मजला, गुडघ्यांना पट्टे बांधून. हुक लावला का, असं विचारणं बंद केलं. प्रत्येकाचा हुक हातात घेतो आणि ओढून बघतो. कामगार हसतात. हसू देत. या धंद्यात मला एकच शहाणपण आलं, तेही उशिरा: वरचं काम खालून तपासता येत नाही.

परवा सुप्याला एका फॅक्टरीच्या शेडवर गेलो होतो. पत्र्यांचं काम, उंची भरपूर. शिडी चढताना मला धाप लागलेली पाहून वरचा फिटर हसला. "कशाला तरास घेता साहेब, खालून इचारलं असतं तरी सांगितलं असतं. लावलाय हुक."

मी त्याचा हुक हातात घेतला आणि पट्टी धरून मागे गेलो. फार लांब जावं लागलं नाही. हुक त्याने स्वतःच्याच बेल्टच्या रिंगला लावला होता. मोकळा लोंबकळू नये म्हणून. खालून विचारलं असतं तर तो 'लावलाय' म्हणाला असता, आणि तो खोटं बोलला असं मला म्हणता आलं नसतं.