सोलरवर वाळत घातलेली सोलं

बाबांची सगळी उमेदीची वर्षं डिचोलीच्या खाणीत लोखंडासाठी डोंगर खणण्यात गेली आणि छातीही तिथंच गेली. म्हातारपणी नाकात नळी आली, उशाशी ऑक्सिजनचं मशीन आलं. ते विजेवर चालायचं, आणि आमच्याकडे मे महिन्यात जरा वारा सुटला की वीज गेलीच म्हणून समजायचं.

आधी आम्ही डिझेलचा जनरेटर आणला होता. तो मागच्या अंगणात धडधडायचा आणि धूर थेट बाबांच्या खोलीत. श्वास देणारं यंत्र चालवायला श्वास कोंडणारं यंत्र! माझं डोकंच फिरलं. भांडून भांडून मी गच्चीवर बॅटरीसकट सोलर बसवून घेतलं आणि तो जनरेटर भंगारात घातला. आई म्हणायची, त्या पत्र्यांवर माणसाचा जीव ठेवायचा म्हणजे काय गो?

एकदा सकाळच्या वाऱ्यात फणसाची फांदी तारांवर पडली. वीज गेली, पण बाहेर रणरणतं ऊन होतं, त्यामुळे मी निर्धास्त होते. आणि थोड्याच वेळात मशीन कुंई कुंई करू लागलं. बॅटरी उतरली होती. मी राखीव सिलिंडर लावला. त्यात फार शिल्लक नव्हतं. शेजारचे काका ओरडून विचारत होते, आमचा जनरेटर आणू का? बाबांनी मान हलवून नको म्हटलं. मी गच्चीवर धावले.

बघते तर काय, सगळ्या सोलरवर कोकमासाठी रातांब्याची सोलं! मीठ लावून, ओळीनं पसरलेली, आणि कावळ्यांनी ओढू नयेत म्हणून वरून आईचं जुनं लुगडं ताणून बांधलेलं. कालपासून तिथं उन्हाचा कण पोचला नव्हता. मी आईला वाट्टेल ते बोलले. काच एवढी तापते, सोलं एका दिवसात कडक होतात, असा तिचा सरळ हिशेब. आमच्याकडे तापलेली जागा कुणी रिकामी ठेवतं का? पण तेव्हा मला ते सुचलं नाही.

ती लुगडं सोडून, सोलं गोळा करून माझ्यासोबत काच पुसायला बसली. लाल, चिकट रस निघता निघेना. आम्ही ओल्या फडक्यांनी घासत होतो आणि मला सारखं वाटत होतं, खाली सिलिंडर संपला तर?

शेवटी खालून मशीनची घरघर ऐकू आली.

खाली आलो तेव्हा बाबांचे निळे पडलेले ओठ पुन्हा माणसासारखे दिसत होते. आई त्यांच्या पायाशी बसून रडायला लागली. गावात आता देवळावर सोलर आहे, कोरगावला मामांचा शेतातला पंप उन्हावर चालतो, हरमलला बॅटरीच्या स्कूटरी भाड्यानं मिळतात. जगाचं काही खरं नाही असं कुणी म्हटलं की मी हे सगळं ऐकवते. पण माझा भरवसा त्यावर नाही. तो त्या दिवशी बाबा आईला थांबत थांबत जे बोलले, त्यावर आहे.

“रडू नको गो. अख्खो डोंगर संपताना मी बघितलाय. ह्यां ऊन संपाचां नाय.”