पोरीच्या वजनात दहा किलोंची भर

माझ्या मुलीचं वजन एकेचाळीस किलो आहे. हे वाक्य मी पहिल्यांदाच खरं लिहितोय, त्यामुळं हात जरा अडखळतोय. आजवर कुणी विचारलं की मी दहा किलो वाढवून सांगायचो. आमच्याकडं लग्नात पोरगी दिसली की कुणीतरी मावशी तिचा दंड चिमटीत धरणार आणि मोठ्यानं म्हणणार, "काय गं, बाप खाऊ घालत न्हाई का?" मग सगळ्यांचे डोळे माझ्या पोटाकडं. माझं वजन चौऱ्याण्णव. घरातलं अन्न कुठं जातं याचा पुरावा मी स्वतःच अंगावर घेऊन फिरतो. तेव्हा "एक्कावन्न आहे हो, हाडं बारीक आहेत तिची" हे उत्तर माझ्या तोंडात बसून गेलं होतं. यानं कुणाचं काय बिघडतं, असं मला वाटायचं. चाकं आणायला लातूरला जाईपर्यंत वाटायचं.

पोरगी सायकलच्या शर्यतीत उतरते. त्यातही एकटीनं, घड्याळाशी पळायची शर्यत तिची लाडकी. एकेक मुलगी मिनिटाच्या अंतरानं सुटते, कुणाच्या पाठीमागं लपून वारा चुकवता येत नाही. यंदा आमच्या विभागातून पहिल्या दोघी राज्याच्या स्पर्धेला जाणार होत्या आणि तिच्या वयोगटातलं तिचं हे शेवटचं वर्ष होतं. त्यासाठी ती वर्षभर पहाटे पाचला नांदेडहून अर्धापूरच्या रस्त्याला लागायची. मीही मेहनत घेतली. मी व्हिडिओ बघितले.

व्हिडिओंतून मला ज्ञान झालं की सगळा खेळ चाकांचा आहे. साध्या चाकाची कड टायरपासून आऱ्यांकडं दोन बोटंच खोल असते. शर्यतीच्या कार्बनच्या चाकाची कड चार बोटं खोल, ती वारा कापत जाते. लातूरला हाडांचे एक डॉक्टर आहेत, सायकलवेडे. त्यांच्याकडं अशी चाकं आहेत आणि शर्यतीपुरती ते मुलांना देतात, असं कळलं. पोरीची परीक्षा चालू होती, म्हणून मी एकटाच गेलो. तिथंच घोळ झाला. ती सोबत असती तर डॉक्टरांना डोळे होतेच की.

दवाखान्याच्या वरच्या खोलीत भिंतीवर चाकं टांगलेली होती, लोकांच्या घरात पूर्वजांचे फोटो असतात तशी. मी सगळ्यांत खोल जोडीसमोर जाऊन उभा राहिलो. डॉक्टरांनी ते चाक हातात धरून फिरवलं. पोकळ असा घूं घूं आवाज आला आणि मी तिथंच खलास.

"चालवणारीचं वजन किती?" डॉक्टरांनी विचारलं.

"एक्कावन्न," मी म्हणालो. डोक्यानं नाही, जिभेनं.

"मग न्या. पंचेचाळीसच्या आत असती तर ही जोडी मी दिलीच नसती. हलक्या माणसाला बाजूचा वारा पुढच्या चाकातून धरतो, हँडलच हिसकावून घेतो. मागचं खोल चालतं त्यांना, पुढचं साधंच बरं."

इथं शहाण्या माणसानं काय करावं हे मला कळत होतं. डॉक्टर, चुकलं, एकेचाळीस, एवढंच म्हणायचं होतं. पण मग दहा किलो कुठून आले, हे सांगावं लागलं असतं. मी म्हणालो, "हाडं बारीक आहेत तिची." हाडांच्या डॉक्टरांना. त्यांनी माझ्या पोटाकडं एकदा पाहिलं आणि चाकं पिशवीत घालून दिली.

मनाला टोचणी होती, म्हणून मी शास्त्रीय चाचणी घेतली. मी शाळेत भूगोल शिकवतो, पुराव्याशिवाय बोलत नाही. अर्धापूरला माझा थोरला भाऊ, दादा, केळी करतो. त्याच्या मळ्याच्या रस्त्यावर मी स्वतः त्या सायकलवर बसलो. गुडघे हनुवटीला लागत होते, सीट कुरकुरत होती, पण सायकल नाकासमोर चालली. इकडं न्हाई की तिकडं न्हाई. मग पोरीनंही चार फेऱ्या मारल्या आणि ओरडली, "पप्पा, लई भारी पळतीय!" माझी टोचणी तिथंच संपली. आता डोळ्यांसमोर चित्र आणा. रस्त्याच्या दोन्ही अंगाला केळीचे मळे आणि प्रत्येक मळ्याभोवती शेवरीची उंच, दाट रांग. ती शेवरी कशासाठी लावतात? वारा अडवायला. हे आमच्या घरातल्या शेळीलाही ठाऊक आहे.

शर्यत होती अहमदपूरच्या अलीकडं, लोह्याच्या बाजूला जाऊन परत यायचं, वीस किलोमीटर. वेळ सकाळी सातची. सातला झाडाचं पान हलत नव्हतं. पण नारळ फोडायला प्रमुख पाहुणे यायचे होते. आठ वाजले. नऊ वाजले. पोरी गोल गोल फिरून अंग गरम करत होत्या, परत थंड होत होत्या. कमानीला पाहुण्यांच्या फोटोचा बॅनर बांधलेला होता, खालची बाजू मोकळी. साडेनऊला बॅनरचं खालचं टोक जरासं उचललं. दहाला पाहुण्यांचं पोट फुगायला लागलं. ऊन चढलं की माळावर वारा सुटतो, हे मी दरवर्षी फळ्यावर आकृती काढून शिकवतो.

दादा जीप घेऊन आला होता. आमची गाडी पोरीच्या मागं अंतर ठेवून चालणार होती. वाटेत चाक बदलायला मुभा होती, पण घड्याळ थांबणार नव्हतं. जुनं चाक मागच्या सीटवर होतंच. बॅनरकडं बघत दादा म्हणाला, "मास्तर, केळीला आपण शेवरी लावतो. पोरीला काय लावलंस?"

मी धावतच तिच्याकडं गेलो. "वारा सुटलाय गं. पुढचं जुनंच चाक लावू या का?"

तिनं हेल्मेटचा पट्टा आवळला. "डॉक्टरांनी माझं वजन विचारूनच दिलंय ना?"

"हो."

"मग झालं तर. आता ऐनवेळी डोकं नका खाऊ, पप्पा."

एवढ्या लोकांत, शर्यतीच्या तोंडावर काय सांगणार होतो मी? सांगायचं होतं, हे खरं. पाहुणे आले, सत्कार झाले, नारळ फुटला आणि अकराच्या सुमारास ती सुटली.

पहिले तीन किलोमीटर बाभळींच्या आडून गेले. ती अशी पळत होती की दादानं शिट्टी मारली. मग माळ लागला. दोन्हीकडं हरभरा काढून मोकळी झालेली रानं, आडवं म्हणून काही नाही. वारा उजवीकडून आला आणि तिचं पुढचं चाक कुणीतरी कान धरून पिरगाळावा तसं वळलं. तिनं सावरलं. परत वळलं. वाकून बसलेली पोर ताठ झाली, हात ब्रेकवर आले. मधल्या पट्ट्यापासून रस्त्याच्या कडेपर्यंत ती ढकलली जात होती आणि परत येत होती. मी जीपमध्ये उजवीकडं झुकून बसलो होतो, तिचा तोल सांभाळायला.

"तू झुकून काय होणार हाय?" दादा म्हणाला. "चौऱ्याण्णव किलो घेऊन बसलास. त्यातलं दहा तिला देता आलं असतं तर काम झालं असतं."

दहा हा आकडा त्यानं सहज घेतला होता.

तेवढ्यात समोरून उसाचा ट्रक आला. ट्रकनं वारा क्षणभर अडवला आणि तो निघून गेल्यावर अडलेला सगळा वारा एकदम तिच्या अंगावर आला. सायकल डांबर सोडून मुरमात घुसली. ती पडली नाही. पाय टेकवून उभी राहिली. आम्ही पोचलो तेव्हा तिनं हँडल दोन्ही हातांनी घट्ट धरलं होतं.

"चाक ऐकत न्हाई माझं," ती म्हणाली. "मीच कच्ची आहे, पप्पा. बाकीच्या पोरी गेल्या की बरोबर."

मला मावश्यांचे चिमटे सहन झाले नव्हते. हे तर त्याहून वाईट होतं. मी म्हणालो, "तू कच्ची नाहीस. मी डॉक्टरांना एक्कावन्न सांगितलं."

मागून सुटलेली एक मुलगी तिच्या शेजारून पुढं निघून गेली.

"का?"

दादानं सायकल उचलून धरली, मी पाना लावला आणि जीव खाऊन फिरवायला लागलो. उलटा. नट सुटायच्या ऐवजी आणखी आवळला.

"सरका," ती म्हणाली. पाना तिनं माझ्या हातातून काढून घेतला. जुनं चाक पुढं लावलं, खोल चाक मागं तसंच राहू दिलं आणि गेली. आणि काय गेली! वारा तोच, माळ तोच, पण सायकल दोरीत बांधल्यासारखी सरळ. पुढं गेलेल्या मुलीला तिनं परतीच्या वळणाआधीच गाठलं. मी टाळ्या वाजवायला हात उचलले आणि मांडीवर ठेवून दिले.

ती चौथी आली.

चाकं त्याच दिवशी परत द्यायची होती. लातूरपर्यंत जीपमध्ये अधूनमधून दादा काहीतरी बोलायला तोंड उघडायचा आणि आरशात तिचा चेहरा बघून मिटायचा.

डॉक्टरांनी हसत विचारलं, "काय मग, कशी पळाली?"

"छान! एकदम छान," मी म्हणालो. जिभेनं.

पोरगी माझ्या मागून पुढं आली. "सर, माझं वजन एकेचाळीस आहे. पुढच्या वर्षी मला मोठ्या गटात पळायचंय. पुढचं चाक कोणतं घ्यावं?"

डॉक्टरांनी तिच्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं. त्यांनी स्टूल ओढलं, भिंतीवरून बारीक कडेचं एक चाक काढून तिच्या हातात दिलं आणि दोघं खिडकीपाशी जाऊन बोलत बसले. वारा कुठून आला तर हात कुठं ठेवायचा, अंग किती वाकवायचं, ट्रक जाताना काय करायचं. ती एकेक गोष्ट वहीत लिहून घेत होती. दादा दारात उभा राहून ऐकत होता.

मी खोलीच्या मध्ये, दोन हातांत दोन खोल चाकं धरून. कुठं ठेवू, हे विचारायचीही हिंमत होईना. वर पंखा चालू होता आणि त्याच्या वाऱ्यानं पुढचं चाक माझ्या मुठीत हळूच वळू बघत होतं.