चंद्राखालचं पाणी

आमच्या रत्नागिरीच्या चित्रकार मंडळींचा एक नियम आहे: वार्षिक प्रदर्शनातलं निसर्गचित्र जागेवर बसूनच काढायचं. हा नियम सभेत मीच सुचवला होता. तो मोडलाही मीच.

मी शाळामास्तर. गेलं वर्षभर दर रविवारी दुपारी बायको थर्मासमध्ये चहा भरून द्यायची. मी चित्राची घोडी आणि रंग घेऊन भाट्याच्या खाडीवर जायचो, म्हणजे निघायचो. भाट्याला दोनदा गेलो. ऊन, वाऱ्याने उडणारी वाळू आणि पाठीमागे उभं राहून "हे काय, होडी काय?" विचारणारे लोक. तिसऱ्या रविवारपासून शाळेच्या किल्ल्या खिशात टाकल्या आणि शिक्षकखोलीत पंख्याखाली बसून मोबाइलवरच्या फोटोवरून खाडी रंगवली. वरचं आभाळ ओकंबोकं वाटलं म्हणून डोंगरामागून उगवणारा पूर्ण चंद्र काढला.

त्याच वेळी बायको घरी नारळाच्या करवंट्या घासून कानातली, पेंडंटं बनवायची. तिलाही प्रदर्शनात जागा हवी होती. मी समितीत म्हणालो, "दारापाशी एक टेबल द्या, हौस आहे तिची." हे वाक्य अजून मला टोचतं.

प्रदर्शनात ती प्रत्येक गिऱ्हाइकाला माझं चित्र दाखवायची. "आमच्या ह्यांचं. उन्हात बसून काढलंय हो." तिच्या टेबलाशी गर्दी होती. माझ्या चित्रासमोर लोक तिने पाठवले म्हणून थांबत.

तिसऱ्या दिवशी भाट्याची एक मासेवाली आली. तिने कानातली घेतली, तिथेच घातली आणि बायकोच्या आग्रहाखातर माझ्या चित्रापुढे उभी राहिली.

"मास्तर, पुनवेचा चंद्र ना ह्यो?"

"हो."

"आताच उगवलाय. म्हणजे दिवेलागण." ती आणखी जवळ गेली. "मग पाणी येवढं वर कसं? पुनवेला भरती दुपारची. चंद्र उगवतो तेव्हा आमच्या होड्या चिखलात बसलेल्या असतात. ह्यं पाणी अष्टमीचं."

शेजारचे दोघे चित्रकार पुढे सरकले. बायकोही टेबल सोडून आली होती. तिचं माहेर समुद्रकाठचं, नाटे गावचं. भरती-ओहोटी तिला पाळण्यात असल्यापासून ठाऊक. तिच्याकडे बघायचं धाडस मला होईना.

"पाणी एका दिवशी काढलं, चंद्र दुसऱ्या दिवशी," बायको म्हणाली. "एका बैठकीत कुठे होतं?"

"असेल बाय," मासेवाली म्हणाली आणि कानातली हलवत निघून गेली.

तेवढ्यावर सुटलो असतो. पण बायको माझ्यासाठी खोटं बोलली, ते मला पेलवेना. तिथेच, दोघा चित्रकारांसमोर, सगळं सांगून टाकलं: शाळा, पंखा, मोबाइल. चित्र उतरवलं. नियम कुणाचा होता याची आठवण मला कुणी करून दिली नाही, एवढी सभ्यता आमच्या मंडळींत आहे.

घरी आल्यावर मी बायकोला म्हणालो, "तुला राग आला असेल."

"पहिले दोन रविवार सोडले तर वर्षभर तुमच्या चपलांना वाळूचा एक कण नव्हता," ती म्हणाली. "राग कधीच येऊन गेला. आज फक्त बघत होते, तुम्ही स्वतःहून सांगता का."

"आणि ते टेबल... हौस म्हणालो होतो मी."

"तेही कळलंय."

रिकाम्या भिंतीवर तिचे दागिने लावावेत, असं दुसऱ्या दिवशी मीच समितीला सांगितलं. आता रविवारी करवंट्या मी घासतो. भुसा घरात नको म्हणून अंगणात, भर दुपारी. कुणी गिऱ्हाईक आलं की ती माझ्याकडे बोट दाखवते.

"आमचे हे. उन्हात बसून घासतात हो."