देव कुणाला म्हणाला ‘चला’?

बाळकुमच्या टेरेन्सला उत्तर येत नाही असा प्रश्न जगात नाही, असं त्याची बायको अ‍ॅग्नेस म्हणायची, आणि ते काही कौतुकाने नव्हे. कारखान्यात फिटर, घरात हुकूमशहा आणि रविवारी मिस्सा झाल्यावर देवळामागच्या खोलीत धर्मशिक्षणाचा मास्तर. तिन्हीकडे ह्याचाच शब्द शेवटचा!

एकोणनव्वद साली त्याच्या एकुलत्या एका पोराने, सिडनीने सांगून टाकलं, लग्न करीन तर मंजुळाशी. मंजुळा खाडीकाठच्या कोळ्यांची, भागीरथीची पोर. बाप्तिस्मा घ्यायला ती आपणहून तयार होती. टेरेन्सने मनावर दगड ठेवून हो म्हटलं, पण तिला शिकवणार मीच, म्हणाला. वर आणखी एक फर्मान. लग्नाच्या आदल्या दिवशी बाया विहिरीवरून वाजतगाजत उंबराचं पाणी आणतात ना, त्याला मंजुळाच्या घरचं कुणी नको. “त्यांनी तिथे नारळ-हळद काढली तर फादरना मी काय तोंड दाखवू?” स्वतःच्या आजीने त्याच विहिरीवर नारळ फोडलेला, ते मात्र सोयीने विसरला.

शिकवणी सुरू झाली ती जगाच्या उत्पत्तीपासून. ‘चला, आपण आपल्यासारखा माणूस घडवू,’ असं देव म्हणाला, इथवर मास्तर आले आणि मंजुळाने विचारलं, “अंकल, देव एकच ना? मग चला कुणाला म्हणाला?”

“दूतांना,” टेरेन्स ठोकून मोकळा.

“मंग आपल्याला दूतांनीपण घडवलं?”

“तसं नाही गं. राजेलोक स्वतःला ‘आम्ही’ म्हणतात, तसं ते.”

“म्हणू देत की. पण एकटाच असला तर राजा चला कुणाला म्हणेल?”

टेरेन्सने घड्याळ बघितलं. आजचं पुरे, म्हणून त्याने पुस्तक मिटलं.

पुढच्या रविवारी मंजुळा आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. पाण्याचं फर्मान तिच्या कानावर गेलेलं. सिडनी बापासमोर उभा राहून म्हणाला, “तिची आई पाण्याला नसेल तर लग्न नाही. मीपण तेच म्हणतो.” आणि त्या दिवसापासून तो बापाच्या पंगतीला बसेना.

टेरेन्सचं कशात लक्ष लागेना. कारखान्यात नट इतका आवळला की आटे गेले. ताटातलं कालवण निवून जायचं. पोरगा हातचा जाणार ही भीती, आणि डोक्यात तो मेला प्रश्न! शेवटी फादरना गाठलं.

“पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा,” फादर म्हणाले. “आपली श्रद्धा अशी, की देव एकच, पण तो एकलकोंडा नाही. आणि बघ, ‘उजेड हो’ म्हटलं, झाला. मासे, पाखरं, सगळं हुकमाने. माणसाची पाळी आली तेव्हा मात्र आधी आपसात बोलणं झालं.”

उत्तर मिळालं, पण जीव शांत होईल तर शपथ! घरी येऊन त्याने सगळं अ‍ॅग्नेसला सांगितलं. ती बोंबील साफ करत होती. तिने मान वर न करताच ऐकून घेतलं.

“म्हणजे देवसुद्धा विचारतो,” ती म्हणाली. “तुमी मला कधी काय विचारलंत? पोराचं नावसुद्धा मला बाप्तिस्म्याला देवळात कळलं.”

टेरेन्स तसाच चपला अडकवून खाडीकडे निघाला.

भागीरथी ओट्यावर जाळं सांधत बसलेली. तिने ह्याला बघितलं, पण सुई थांबवली नाही.

“विहीणबाई, पाण्याला या,” टेरेन्स म्हणाला. चपला ओट्याखाली काढून तो कडेला टेकला.

“सांगाया आलाव का इचाराया?”

“विचारायला.”

“कोण कोण यायचं?”

‘तुम्ही एकट्याच’ हे अगदी ओठांवर आलेलं. त्याने ते गिळलं. “तुम्ही म्हणाल ते.”

आता भागीरथीने जाळं बाजूला ठेवलं. “येवू, सगली येवू. पन हिरीवर पयला नारल मी फोडनार. चालंल?”

टेरेन्सने सवयीने तोंड उघडलं. ‘नाही’ तयारच होतं, डोळ्यांपुढे फादर उभे होते आणि त्यांच्याही पुढे सिडनीचं रिकामं पान. उघडलेलं तोंड त्याने मिटलं.

“थांबा हां जरा,” तो उठत म्हणाला, “अ‍ॅग्नेसला विचारून येतो.”

आणि गडबडीत चपला तिच्याच ओट्याखाली विसरून अनवाणी घराकडे पळत सुटला.