उपडी घातलेली मिशरीची डबी

बायकोची मिशरीची डबी फडताळात घासूनपुसून उपडी घातलेली दिसली, आणि माझा संशय तिथून सुरू झाला. तीस वर्षांच्या संसारात ती डबी रिकामी मी कधी बघितली नव्हती. दर आठवड्याला तव्यावर तंबाखू भाजायची, सगळ्या घरानं खोकायचं, मग ती तंबाखू चुरून फडक्यातून गाळून डबीत भरायची, हा नेम. सकाळ-संध्याकाळ परसदारच्या पायरीवर बसून बोटानं दातांना लावत बसायची. तिची आई लावायची, मावशी लावायची, आमच्या गल्लीतल्या निम्म्या बायका अजून लावतात. त्यापायी तिचे दात मुळाशी काळे आणि वर तपकिरी झालेले. मला त्याचं कधी काही वाटलं नाही, असं मी समजत होतो.

मी स्वभावानंच संशयी. फौजेत वीस वर्षं पहारे दिले, त्यामुळं असेल, नाहीतर मूळचाच असेन. गॅसची टाकी आली की हलवून बघतो. दूधवाल्यासमोर दुधात बोट बुडवतो. बायको म्हणते, "तुमाला देव जरी भेटला तरी आधी त्येचं ओळखपत्र बघाल." म्हणते ते खोटं नाही.

तर डबी उपडी. मी नजर ठेवली. परसातल्या झाडाची लिंबं कमी व्हायला लागली, पण जेवणात लिंबू दिसेना. खायच्या सोड्याचा पुडा आठवड्यात अर्धा झाला, आणि भजी तर एकदाही झाली नाहीत. चहा ती गार करून प्यायला लागली. आणि सगळ्यात मोठा पुरावा उसाच्या फडात मिळाला. तोड चालू होती, मी रसरशीत बघून एक कांडं तिच्या हातात दिलं. ही बाई दातानं ऊस सोलण्यात अख्ख्या भावकीत पहिली. तिनं कांडं हातात फिरवलं आणि शेजारणीला देऊन टाकलं.

"का गं?" मी विचारलं.

"गोड नगं वाटतंय."

उसाच्या गावात हे उत्तर कोण मान्य करील?

दुसऱ्या दिवशी सकाळी मोरीत ती रंगेहाथ सापडली. अर्धं लिंबू सोड्यात बुडवून दातांवर घासत होती. डोळ्यांतून पाणी चाललं होतं, आणि मधूनच तोंड उघडून ती वारा आत ओढत होती, तोही सोसत नव्हता.

"काय चाललंय?"

"त्वांड धुतीया."

कारण न कळण्याइतका मी भोळा नव्हतो. आमची लेक फौजदाराची परीक्षा पास झाली होती. आमच्या कोरेगावकडच्या गावानं गुलाल उधळून झाला होता. आता बायकोच्या माहेरानं, इस्लामपूरजवळच्या गावानं, मायलेकींचा सत्कार ठरवला होता. महिन्याभरानं मंडप, स्टेज, शाल, श्रीफळ. मेव्हण्यानं फोनवर सांगून ठेवलं होतं, "दाजी, भाचीइतकाच मान आमच्या बहिणीला. आमच्या गावाची लेक स्टेजवर बसायची हाय."

म्हणजे दात सत्कारासाठी पांढरे व्हायचे होते. पण बावन्न वर्षांच्या बाईच्या डोक्यात हे आपोआप येत नाही. कुणीतरी तिला तिच्या दातांवरून बोललं होतं. ज्या बाईनं पोरीच्या अभ्यासासाठी पहाटे चारला चूल पेटवली, तिला तिच्याच मानाच्या दिवसाआधी लाज वाटायला लावणारं माणूस मला शोधायचं होतं. सापडलं असतं तर मी त्याला सोडलं नसतं.

पहिला संशय बायकोच्या भावजयीवर. इस्लामपुरात तिचं पार्लर, बोलणं तिखट. फोन केला, इकडचं तिकडचं बोलून विषय दातांवर आणला. ती म्हणाली, "दाजी, माझ्या स्वतःच्या दातांना दोन टोप्या हायत, मी कुणाला बोलू?" दुसरा संशय मोबाइलवर. बायको चोरून व्हिडिओ बघायची, त्यात एक गोरी बाई कोळशाची पूड दातांना फासून लगेच मोत्यासारखे दात दाखवायची. पण ते व्हिडिओ हिनं शोधले म्हणून आले होते. आधी लाज, मग व्हिडिओ.

तिसरा संशय मला नको होता. तो लेकीवर होता. शिकलेली पोरगी, उद्या वर्दी घालणार. आईचे दात सगळ्यांसमोर नको वाटले असतील का? हा विचार आला आणि जेवण गोड लागेना. त्यात एक पार्सल आलं, बायकोच्या नावाचं. आत दातांना चिकटवायच्या पांढऱ्या पट्ट्या. पाठवणाऱ्याचा नंबर लेकीचा.

लेक तेव्हा साताऱ्यात खोली करून राहत होती. मी एसटी धरली आणि स्टँडजवळच्या हॉटेलात तिला बोलावून घेतलं. पार्सलचा खोका टेबलावर ठेवला.

"हे तू पाठवलंस?"

"हो."

"का?"

ती हसली. "पप्पा, फौजदार मी होणार आहे आणि उलटतपासणी तुम्ही घेताय."

मी हसलो नाही. तेव्हा तिला माझा रोख कळला आणि तिचा चेहरा उतरला. "मम्मीनंच मला विचारलं, दात पांढरे करायला काय मिळतं. मी म्हटलं, कशाला? तर म्हणाली, मला स्टेजवर हसायचंय. तिनं आजवर माझ्याकडं दुसरं काही मागितलं नाही, म्हणून पाठवलं. आधी डॉक्टरला दाखव, असंही सांगितलं होतं." मग ती म्हणाली, "तुम्हाला खरंच वाटलं, मला मम्मीची लाज वाटते?"

मी चहा पीत राहिलो. पोरीवर संशय घेतला याची खंत वाटली. पण ज्याच्यामुळं घ्यावा लागला, त्याच्यावरचा राग दुप्पट झाला.

बायकोला कोरेगावात दातांच्या डॉक्टरीणबाईंकडं नेलं. सत्राशे साठ पाट्या लावणाऱ्या डॉक्टरांवर माझा विश्वास नाही, म्हणून आत जायच्या आधीच मी सांगून टाकलं, की तपासायला आलो आहे, दात काढायला नाही. बाईंनी बॅटरी मारून बघितलं आणि बायकोलाच रागावल्या. हिरड्या खाली सरकून मुळं उघडी पडली होती, म्हणून ठणका लागत होता. लिंबू आणि सोड्यानं दात पांढरे होत नाहीत, झिजतात, आणि झिजले की आणखी ठणकतात. त्यांनी वरचा मिशरीचा थर यंत्रानं साफ केला. ठणक्यासाठी वेगळी पेस्ट दिली, ती दोन आठवडे मऊ ब्रशनं लावायची. त्यानंतरच सौम्य जेल, तेही एक दिवसाआड, थोडा वेळ. कळ आली की बंद. पट्ट्या तूर्त कपाटात.

"मुळाजवळचं काळं पूर्ण जाणार नाही, मावशी," त्या म्हणाल्या. "आणि मिशरी परत धरली तर सगळं पाण्यात."

"हसल्यावर दिसंल का वं ते काळं?" बायकोनं विचारलं.

"थोडं दिसेल."

बायकोनं मान खाली घातली. त्या क्षणी मला त्या न सापडलेल्या माणसाचा गळा धरावासा वाटला.

दोन आठवडे ती कोमट पाण्यानं चुळा भरत होती. मिशरीशिवाय डोकं धरायचं, चिडचिड व्हायची, पण तिनं डबीला हात लावला नाही. मग मेव्हण्याचा फोन आला. फ्लेक्ससाठी बहिणीचा फोटो हवा होता, हसरा.

मी माझी फौजेतली काळी ट्रंक उघडली. वर आलेला फोटो वास्तुशांतीचा, त्यात तिचं तोंड मिटलेलं. लेकीचं बारसं, तोंड मिटलेलं. माझ्या धाकट्या भावाचं लग्न, पदर ओठांवर. मी फोटो अंथरुणावर मांडत गेलो, पत्ते मांडावेत तसे, आणि मागं मागं जात राहिलो. कुठंच एक दात दिसत नव्हता. अगदी तळाशी एक फोटो सापडला. फॅमिली क्वार्टरमध्ये आम्ही दोन वर्षं होतो, तिथला. बायकांच्या खेळांचा दिवस. लिंबू-चमच्याच्या शर्यतीत ती पहिली आली होती. चमचा हातात, बक्षिसाचा डबा काखेत, आणि ती सगळे दात दाखवून हसते आहे. शेजारी आमच्या साहेबांच्या मेमसाब उभ्या.

म्हणजे जे काही झालं ते त्या दिवसानंतर. मेमसाबच काहीतरी बोलल्या असणार. गुन्हेगार सापडल्याचा आनंद मला झाला, खोटं कशाला सांगू. फोटो घेऊन मी परसदारी गेलो. ती पायरीवर तांदूळ निवडत होती.

"ही बाई तुला दातांवरून काय बोलली होती, सांग."

तिनं फोटो हातात घेतला, बराच वेळ बघितला. "ह्या? ह्या लय चांगल्या हुत्या. मला म्हनल्या, असंच हसत ऱ्हावा."

"मग कोण बोललं?"

ती परत तांदळाकडं वळली. "आवं, तुमीच की. खोलीवर आल्यावर म्हनला, साहेबांच्या बायकूसमूर ती काळी बत्तिशी काडून काय हसत हुतीस, माझी मान खाली गेली."

"मी?"

"व्हय."

"मला आठवत नाही."

"तुमाला कशाला आठवंल? तुमी बोलला आन ड्यूटीवर गेला."

तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर मला भांडता आलं असतं. मी उगाच विचारलं, "मग तेव्हाच का नाही सोडलीस मिशरी?"

"मिशरी सुटंना," ती म्हणाली. "हसनं सुटलं."

सुपातला एक खडा तिनं उचलून अंगणात टाकला. मी तिथंच उभा राहिलो. चुकलं म्हणायचं होतं, पण ते शब्द माझ्या तोंडाला कधी वळलेच नाहीत, त्या दिवशीही वळले नाहीत. एवढंच म्हणालो, "आता हसत जा." ती म्हणाली, "बघू."

सत्काराच्या दिवशी मी पहिल्या रांगेत होतो. डॉक्टरीणबाईंच्या जेलानं दात उजळले होते, पांढरे म्हणता आले नसते. मुळाशी काळी रेघ तशीच होती. माहेरच्या बायकांनी तिला शाल पांघरली, लेकीनं आईला मिठी मारली, टाळ्या पडल्या. फोटोवाला खाली वाकून ओरडला, "मावशी, हसा की."

तिचा हात पदराकडं गेला, आणि अर्ध्या वाटेत थांबला. तिनं मंडपातून नजर फिरवली आणि मला शोधलं. आपल्याच माहेरात, आपल्याच सत्कारात, हसू का म्हणून ती मला विचारत होती. मी मान डोलावली, दोनदा.

तो फोटो आता आमच्या बाहेरच्या खोलीत आहे. त्यात लेक कॅमेऱ्याकडं बघते आहे. बायको तोंडभर हसते आहे, काळ्या रेघेसकट, पण तिची नजर बाजूला आहे. येणारा-जाणारा विचारतो, वहिनी कुणाकडं बघत्यात? मी सांगतो, माझ्याकडं. का, ते मी सांगत नाही.