राजाशी बोलणारे भासरे

आमचे भासरे, म्हणजे ह्यांचे थोरले भाऊ, माझ्याशी कधी बोलले नाहीत. बोलायचे ते ट्रॅक्टरशी. धाकट्या भावाच्या बायकोशी समोरासमोर बोलायची तेव्हा मोहगावात रीत नव्हती, आणि वायरिंगला हाताशी तर मीच असायची. मग बॉनेटमध्ये डोकं घालून ते म्हणायचे, "राजा, पाना कुठं गेला रे?" मी पाना मडगार्डवर ठेवायची आणि म्हणायची, "राजा, समोरच हाय म्हणा त्यायले." की ते उचलायचे.

हा राजा मामाजींनी, म्हणजे सासऱ्यांनी, पांढुर्ण्याकडून जुनाच आणलेला. डायनामो असून नसल्यासारखा. बॅटरी रोज उतरायची, आणि सकाळी बैल जुंपून ट्रॅक्टर ओढावा लागायचा. गाव फिदीफिदी हसायचं. भासऱ्यांना तारांचा भारी नाद, पण चालवायला भ्यायचे. एकदा संत्र्याच्या झाडावर घातला, तेव्हापासून सीटवर बसले नाहीत.

एका साली ह्यांचा पाय मोडला आणि हरभऱ्याची पेरणी तोंडावर आली. मामाजी म्हणाले, "चार्जिंग नाही, चालवणारा नाही. दसरा झाला का भंगारात देतो." माहेरी रामाकोन्याला मी ट्रॅक्टर शिकले होते. ह्यांनी ते भावाच्या कानावर घातलं होतं, पण मामाजींना सांगायची हिंमत कोणातच नव्हती.

भासऱ्यांनी सगळ्या तारा नव्या टाकल्या, बॅटरी सौंसरहून भरून आणली. "राजा, तू जुन्या खानदानाचा. तुह्या बॉडीले प्लस लागते, नव्यायले मायनस." बॅटरीवरच्या खुणा झिजलेल्या, म्हणून प्लसच्या खुंटीला त्यांनी कुंकू लावून ठेवलं. दसऱ्याला सासूबाई पूजेला आल्या. "एकीलेच कुंकू? दुसरीनं काय पांढऱ्या कपाळानं राहावं?" म्हणत त्यांनी दुसरीलाही ठसठशीत लावलं. मी तिथंच होते. मलाही काही वावगं वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी मामाजी अंगणात खाट टाकून बसले. भासऱ्यांनी दोन्ही खुंट्या पाहिल्या, डोकं खाजवलं आणि अंदाजानं तारा जोडल्या. मी दिवे लावून चार्जिंगचा काटा पाहिला; बॅटरी भरताना तो भरतीकडं जातो, खर्च होताना उतरतीकडं.

"राजा," मी म्हटलं, "तुह्यं इंजिन बंद, दिवे जळून राहिले, अन् काटा भरतीकडं कसा जाऊन राहिला?"

बॉनेटमागची खुडबुड थांबली. मग भासरे पोट धरून हसले. "आईनं दोघीइलेही सवाशीण करून टाकलं रे, राजा!" तारांची अदलाबदल केली. काटा मुकाट्यानं उतरतीकडं गेला, दिवे लावल्यावर जायला हवा तसा. मी पदर खोचून सीटवर चढले आणि स्टार्टर दाबला. इंजिन धडधडलं. रेस वाढवली तसा काटा सरकत भरतीकडं गेला आणि तिथंच राहिला. एवढा आनंद मला माझ्या लग्नातही झाला नव्हता.

"चालू झाला, पण चालवन कोन?" मामाजींनी विचारलं.

भासऱ्यांनी फडक्याला हात पुसले, माझ्याकडं न बघता बॉनेटवर थाप मारली. "राजा, चालवणारी बसलीच हाय तुह्यावर. जाय वावरात."

मामाजींनी वाटेतली खाट स्वतः उचलून बाजूला घेतली. त्या हंगामात हरभरा मीच पेरला.

भासरे जाऊन आता बरीच वर्षं झाली. राजा आहे. दसऱ्याला मी त्याच्या एकाच खुंटीला कुंकू लावते, दुसरीला हात लावू देत नाही कोणाला. मग स्टार्टर दाबते, काटा भरतीकडं जाईपर्यंत थांबते आणि म्हणते, "राजा, बराबर हाय म्हणा त्यायले."