पेरूच्या बागेतला बंगला

आमचा बंगला हल्ली जुनी वास्तू म्हणून बघायला लोक येतात. दगडी कमानी, मंगलोरी कौलं, रंगीत काचा यांचे फोटो काढतात आणि हे घर मुळात कुणाचं, असं विचारतात. वडिलांचं नाव सांगताना माझी जीभ अडखळते.

सोलापूरच्या वेशीबाहेर तेव्हा पेरूच्या बागा होत्या. त्यातली एक तोडून वकील मंडळींनी बंगले बांधले, त्यांत माझे वडीलही होते. आम्ही राहायला गेलो त्याच थंडीत, पहाटेच्या अंधुक उजेडात राघूंचा थवा आला. घरावर घिरट्या घालून कौलांवर उतरला आणि माना वाकड्या करून झाडं शोधू लागला. पुढे दर थंडीत ते येत राहिले. अंथरुणात पडल्या पडल्या मी त्यांच्या नखांची खुडबुड ऐकायची. वाटायचं, छताच्या वर बाग अजून तशीच आहे.

आई बाजारातून पेरू आणायची आणि फोडी करून ओसरीच्या कठड्यावर ठेवायची. वडील वैतागायचे, "पाहुण्यांचे किती हे लाड!"

"पाहुणे कोण, ते आधी ठरवा," आई फटकन म्हणायची.

घराची वास्तुशांत तेवढी राहिली होती. वडिलांनी विषय काढला, की आईचं उत्तर ठरलेलं, "एवढी थंडी जाऊ द्या."

थवा वर्षागणिक लहान होत गेला. एका थंडीत कुणीच आलं नाही. फोडी वाळून काळ्या पडल्या. आईने त्या गोळा केल्या, कठडा पुसला आणि वडिलांना म्हणाली, "बोलवा आता भटजींना. घर रिकामं झालं."